आरतीचे पाय

पुणे,
१२ ऑगस्ट १९९४

प्रिय शुभांगी,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी तोंड वाकडं करणार, हे मला माहीत आहे. तुझ्या लग्नानंतर एक पत्र, लेकराच्या बारशाला अर्धं, आणि आता काम पडलं तशी बरोबर आठवण झाली, असंच म्हणशील. म्हण. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

एम.फिल.साठी मी जो विषय घेतलाय तो ऐकून आमच्या होस्टेलच्या मुली हसतात, तर तू काय करशील कोण जाणे. शाळेत जायच्या आधीच्या वयाची मुलं किती वेगानं धावतात, ते मोजायचं. सर म्हणतात, शहरातल्या बालवाड्या पुष्कळ झाल्या, खेड्यातली मुलं आण. आणि खेड्यातली अंगणवाडी म्हटल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आहे?

काम सोपं आहे. सपाट जागा हवी. तिच्यावर फक्कीच्या दोन रेघा मारायच्या, एकेका मुलानं या रेघेपासून त्या रेघेपलीकडं जीव खाऊन पळायचं, आणि मी घड्याळ दाबायचं. सोनईच्या शाळेत आपण खो-खो खेळायचो तेव्हा बाई कडेला उभ्या राहून ओरडायच्या. मी ओरडणार नाही, एवढाच फरक. मुलांच्या आया समोर असल्या तर बरं, म्हणजे मुलं बुजत नाहीत. पावसाची उघडीप बघून बोलाव.

तुझी,
प्रज्ञा


खडकवाडी, ता. पाथर्डी,
२५ ऑगस्ट १९९४

प्रिय प्रज्ञा,

तुला जय भीम आणि माझा नमस्कार.

तोंड वाकडं केलं, मग पत्र वाचलं, मग यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, "पोरं पळत्यात एवढं सांगायला पुन्याहून मानूस येतं व्हय?" एसटीतला कंडक्टर माणूस, तिकीट फाडण्याशिवाय दुसरं काम म्हणजे काम नव्हेच त्यांच्या लेखी. तू मनावर घेऊ नकोस. आणि उघडीप कसली विचारतेस? इथं पाऊस आलाय कुठं? मैदान ठणठणीत कोरडं आहे.

ये, पण दसऱ्याच्या आत ये. वरच्या वस्तीवरची माणसं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात आणि अर्धं गाव रिकामं होतं. माझी निम्मी अंगणवाडी त्या वस्तीची आहे. काही पोरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ राहतात. जी राहतात तीच पुढं शाळेत टिकतात. यंदा दगडाबाईची नात आरती राहणार आहे. तिच्या आईच्या, पुष्पावतीच्या, मी वर्षभर मागं लागले होते. येत्या जूनला पोरीला पहिलीत घालायची, असा शब्द घेतलाय तिच्याकडून.

आयांची काळजी करू नकोस. मी त्यांना सांगितलं, "आपन दर महिन्याला वजन करतो ना, तसंच हे. या टायमाला पळनं मोजायचं." सगळ्यांना एका दमात पटलं. वजनाच्या दिवशी एक बाई घरी राहत नाही, कारण ज्याचं वजन कमी भरतं त्या पोराला सरकारी खाऊची, सुकडीची, दुप्पट पुडी मिळते. त्यामुळं मोजणं म्हटलं की आमच्या बायका हजर.

तुझ्यासाठी ठेचा करून ठेवते. पुण्यात राहून जीभ नाजूक झाली असेल तर आधी कळव.

तुझी,
शुभांगी


पुणे,
२४ सप्टेंबर १९९४

प्रिय शुभांगी,

पोचले. ठेच्यानं दोन दिवस छळलं, पण ते तुला सांगणार नव्हते.

तुझी पोरं आठवून अजून हसू येतं. तो एक पठ्ठ्या शिट्टी वाजल्यावर पळाला तो रेघ ओलांडून थेट घरी गेला. त्या दोघी बहिणी एकमेकींचा हात सोडेनात, शेवटी जोडीनं पळवल्या. आता त्यांचा वेग कुणाच्या नावावर लिहू? आणि तुझे चिरंजीव निम्म्यात थांबून मलाच विचारतात, "मावशी, घड्याळ देता का?"

पण वरच्या वस्तीची मुलं पाहून जीव थोडा झाला. गावातली मुलं जीव खाऊन पळाली. ही मात्र रमतगमत, मागं वळून आईकडं बघत, चालल्यासारखी आली. सगळ्यांत मागं ती आरती. निळा फ्रॉक, तेल लावून चापून बसवलेल्या वेण्या, आणि पाऊल काही उचलत नव्हतं. दुसऱ्यांदा पळवली तर आणखी हळू. मला राहवलं नाही आणि तिच्या आईला मी सगळ्यांसमोर बोलले, "पोरीला खायला काय घालता? एवढ्या मुलीला धड पळता येत नाही." ती नुसती खाली बघत राहिली. जरा जास्तच बोलले का गं मी?

आणि एक विचारायचं राहिलं. एसटी निघाली तेव्हा खिडकीतून पाहिलं, लाल परकरातली एक पोर शेळीच्या करडामागं पळत होती. माझ्याकडं पाठ होती, तोंड दिसलं नाही. पण काय पळत होती. करडू उड्या मारत वळलं तशी तीही वळली आणि धरलंच त्याला तिनं. कुणाची ती? मैदानावर का नव्हती? पुन्हा आले तर तिला माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
प्रज्ञा


खडकवाडी,
१ ऑक्टोबर १९९४

प्रिय प्रज्ञा,

पत्र मिळालं. लाल परकरातली पोर कुणाची ते नक्की सांगता येत नाही. दगडाबाईकडं पाहुणे आले होते, त्यांच्यातली असेल. ते गेलेसुद्धा.

पुष्पावतीला तुझं बोलणं लागलं खरं. ती तशी मानी बाई आहे. ठेवणीतला फ्रॉक घालून पोरीला आणलं होतं तिनं, पुण्याच्या बाई येणार म्हणून. पण तू मनाला लावून घेऊ नकोस.

तू गेल्यावर बायकांनी मला एकदोन गोष्टी विचारल्या. भेटीत सांगेन. पत्रात लिहिण्यासारखं काही नाही.

वस्तीवर बैलगाड्यांची दुरुस्ती चाललीय, फडावरच्या झोपडीसाठी, कोपीसाठी, चटया बांधून झाल्यात. माझी अंगणवाडी आता ओस पडणार.

तुझी,
शुभांगी


पुणे,
९ ऑक्टोबर १९९४

प्रिय शुभांगी,

आज आनंदात आहे म्हणून लगेच लिहितेय. सरांनी आकडे पाहिले आणि खुर्चीतून उठून माझ्या पाठीवर थाप मारली. गावातली मुलं आणि ऊसतोड्यांची मुलं यांच्या धावण्यात एवढा फरक असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. म्हणाले, "आईबापांच्या भटकंतीचा मुलांच्या पायांवर होणारा परिणाम तुझ्या हाती लागलाय." जानेवारीत परिषद आहे, तिथं मी निबंध वाचायचा. आमच्या घरातलं कुणी आजवर व्यासपीठावर उभं राहिलं नाही, शुभे. शेजारच्या फोनवर आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली.

आरती सगळ्या मुलांत हळू निघाली. सरांना तिच्या पायांत अशक्तपणा वाटतो. मी तिच्या आईला टाकून बोलले त्याची बोच होतीच, म्हणून तिलाच सरळ एक पोस्टकार्ड टाकलंय, पोरीची काळजी घ्या असं. आपुलकीनं लिहिलंय. तिला बरं वाटेल.

तुझी,
प्रज्ञा


खडकवाडी,
२० नोव्हेंबर १९९४

प्रिय प्रज्ञा,

हे पत्र दिवाळीच्या आधीपासून लिहितेय आणि फाडतेय. आज फाडायचं नाही असं ठरवून बसलेय.

आरती इथं नाही. आईबरोबर फडावर गेली.

तुझं कार्ड कानिफनाथ पोस्टमननं आणलं. इथं पाकीट आलं तर तो घरी नेऊन देतो, पण कार्ड आलं की दुकानाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो. निम्म्या गावाला वाचता येत नाही, म्हणून ती रीत पडलेली. कार्ड म्हणजे सगळ्यांचं. पुष्पावती तेव्हा तेल आणायला आली होती. त्यानं वाचलं, "तुमच्या आरतीचे पाय अशक्त आहेत असे आमच्या मोजणीत दिसले. तिला पळू देऊ नका. नगरला चांगल्या डॉक्टरला दाखवा." दुकानावर सगळी माणसं होती. तेलाची बाटली तिथंच ठेवून ती घरी गेली.

आता जे लिहायचं तेच मी फाडत होते. लाल परकरातली पोर आरतीच होती. पळणं झाल्यावर आजीनं ठेवणीतला फ्रॉक काढून घेतला आणि रोजचा परकर घातला. मी तुला खोटं लिहिलं. तू गेलीस त्याच दिवशी दगडाबाईनं मला गाठलं आणि विचारलं, "बाई, आमची आरती लई हळू आली ना? मंग डबल सुकडी कवापासून?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वजन कमी भरलं की सुकडी दुप्पट, तर पळणं कमी भरल्यावरही तसंच असणार. मीच सांगितलं होतं ना, हे वजनासारखंच. वस्तीवरच्या सगळ्या आयांनी पोरांना घरून शिकवून आणलं होतं की हळू पळायचं. आरती बिचारी गुणाची, तिनं सगळ्यांत जास्त ऐकलं.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण मला लाज वाटली. तू एम.फिल. करतेस, मी दहावीवर थांबले. शुभीला साधं चार बायकांना समजावून सांगता आलं नाही, असं तू म्हणशील असं वाटलं. तुझ्यासमोर अडाणी दिसायला नको म्हणून मी ती पोर पाहुण्यांची करून टाकली.

कार्डानंतर मी पुष्पावतीच्या घरी गेले. तिला सांगितलं की पोरीला काही झालेलं नाही. ती म्हणाली, "मी तर नुसतं हळू पळ म्हनले हुते, बाई. पन घड्याळाला आतलं दिसलं असंल. का माज्या बोलन्यानंच झालं तिच्या पायाला?" मी म्हटलं, असं काही नसतं, घड्याळ चुकलं. तर म्हणते, "वजनाचा काटा खरा म्हनता, मंग घड्याळ खोटं कसं?" दुसऱ्या दिवशी पोरीला गाडीवर बसवून ती निघाली. डोळ्यांसमोर असलेली बरी, म्हणाली.

शुभांगी


पुणे,
१५ डिसेंबर १९९४

शुभांगी,

तुझं पत्र वाचून मी काय करायचं, तेही लिहायचं होतंस. निबंध टाईप होऊन गेलाय. परिषदेच्या पत्रिकेत माझं नाव छापलंय. एक ओळ खरी लिहिली असतीस तर मी कार्डही टाकलं नसतं आणि सरांपुढं आकडेही ठेवले नसते. आता तू मोकळी झालीस आणि ओझं माझ्या डोक्यावर.

आणि सगळ्यांनीच मुलांना शिकवलं असेल हे कशावरून? ती मुलं अर्धपोटी असतातच. थोडा फरक खरा असेलच. वस्तीची मुलं काढून टाकली तर माझ्याकडं उरतं काय? गावातली मुलं पळतात, एवढंच. ते तर दाजींनी आधीच सांगितलं होतं.

आरती जूनच्या आत परत येईलच. तेव्हा बघू.

प्रज्ञा


पुणे,
६ फेब्रुवारी १९९५

प्रिय शुभांगी,

तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबर केलंस. तसल्या पत्राला काय उत्तर द्यायचं?

मी निबंध वाचला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "ही मुलं पूर्ण ताकदीनं धावली, याची तुम्ही खात्री कशी केली?" मला सगळं माहीत होतं, शुभे. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. आणि मी म्हणाले, "हो, खात्री केली होती." त्या बसल्या. सरांनी मान हलवली. समोर आई बसली होती, नवं लुगडं नेसून आलेली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, पण ती माझ्याकडं बघत होती आणि मला तिच्याकडं बघवेना.

तुला अडाणी दिसायची लाज वाटली म्हणून तू खोटं लिहिलंस. मला कसली वाटली? व्यासपीठावरून उतरायची. तुझ्यावर चिडायला तोंड उरलं नाही मला.

गेल्या आठवड्यात सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वस्तीची मुलं काढून टाक आणि पुन्हा कुठंतरी मोज. पदवी वर्षभर लांबेल." परिषदेला कळवायचं पत्र मी लिहिलंय, तेही गेलं.

आरती कुठल्या फडावर आहे? कुणाकडून काही कळतं का?

तुझी,
प्रज्ञा


खडकवाडी,
९ एप्रिल १९९५

प्रिय प्रज्ञा,

पाडव्यानंतर वस्ती भरली. आरती आली.

तिला पाहून मला रडू आलं. पायाला काही झालेलं नाही, तशी अंगानं भरलीय उलट. पण पुष्पावती तिला कडेवर घेऊन फिरते. एवढी घोडी आईच्या कडेवर. फडावर सगळ्यांनी ऊस तोडायचा आणि हिनं कोपीच्या दारात बसायचं, असं चार-पाच महिने चाललं. खाली सोडली तरी हळूहळू चालते. मी म्हटलं, "आरती, पळ की गं." तर मला समजावून सांगते, "माजे पाय कच्चे हायेत, बाई. पळायचं नसतं." वस्तीची पोरं तिला खेळायला घेतात ती कच्चं लिंबू म्हणून. तिच्यावर राज्य येत नाही, तिला कुणी शिवत नाही. ती मध्ये उभी राहते आणि सगळी तिच्या बाजूनं पळतात.

पुष्पावतीला मी सगळं पुन्हा समजावलं, सुकडीचं, वजनाचं. ती ऐकून घेते. शेवटी म्हणाली, "घड्याळानं सांगितलंय, आता घड्याळानंच सांगावं." तेव्हा तू ये. घड्याळ घेऊन ये, आणि ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर पोरीला पुन्हा पळव. आता उशीर नको, कारण पायानं अधू पोर शाळेत काय धाडायची, असं दगडाबाई म्हणायला लागलीय.

तुझी,
शुभांगी


पुणे,
२२ एप्रिल १९९५

प्रिय शुभांगी,

घड्याळ दाजींच्या हाती पाठवतेय. वापरायला सोपं आहे, वरचं बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद.

मला यायचं होतं. नव्या मोजणीची तयारी चाललीय, होस्टेलची खोली सोडायचीय, शिवाय आईला बरं नाही. तुझ्या हातून झालं तरी तेच. उलट तू गावातली, तुझ्यासमोर पोर मोकळी पळेल.

कसं झालं ते कळव.

तुझी,
प्रज्ञा


खडकवाडी,
७ मे १९९५

प्रिय प्रज्ञा,

आईला बरं नाही असं वाचून हे सोनईला तुमच्या घरी डोकावले. आई पापड लाटत होत्या. यांनी मला ते सांगितलं, आणि मी एवढंच लिहिते की मला कळलं. घड्याळ यांच्याबरोबर परत पाठवलंय.

गेल्या रविवारी सकाळी पळवायचं ठरवलं. फक्कीच्या रेघा मारल्या. गाव लोटलं होतं, मागच्या वेळेपेक्षा जास्त. पुष्पावतीनं आरतीला तोच निळा फ्रॉक घालून आणलं, तो आता गुडघ्याच्या वर गेलाय. कडेवरून उतरवून रेघेवर उभी केली आणि स्वतः बायकांत जाऊन उभी राहिली. मी शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात आरतीनं मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आये, आज खरं पळायचं का?"

वस्तीवरच्या सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही पोरांनी हेच विचारलं असतं. गावातल्या बायका मात्र एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि एकजण बोललीच, "सुकडीपायी पोरीला खोटं शिकवलं व्हय?" पुष्पावतीनं तोंडावर पदर ओढला आणि ती चालती झाली.

मग आरती पळाली. रेघेकडं नाही, आईमागं. तिनं पाऊल उचललं तसं माझ्या हातून घड्याळ दाबलं गेलं, ते तसंच चालू राहिलं. प्रज्ञा, तू खिडकीतून पाहिलंस ते मी समोरून पाहिलं. ढेकळातून, बाभळीच्या काट्यांतून पोर अशी गेली की पुष्पावती बांधापर्यंत पोचायच्या आत तिनं तिचं लुगडं धरलं. गावानं पाहिलं. एका पुष्पावतीनं पाहिलं नाही, कारण तिनं मागं वळून बघितलंच नाही. पोर लुगड्याला लागली तशी न बघताच तिला कडेवर घेतली आणि घरी गेली.

त्या वेळी मला मोठ्यानं सांगता आलं असतं, की बायांनो, ही चूक माझी, मीच तुम्हाला वजनासारखं म्हणाले. पण मी खाली बसून फक्कीची पाटी आवरत राहिले. तू आली नाहीस म्हणून तुझ्यावर रागवावं, तर मी तिथं असून काय केलं?

तेव्हापासून पुष्पावती पाण्यालासुद्धा भर उन्हात जाते, कुणी भेटू नये म्हणून. आरतीचे पाय धड आहेत हे आता सगळं गाव म्हणतं, पण आईला शाळेचा विषय काढलेला चालत नाही. "कोनत्या तोंडानं शाळंत जाऊ? लबाडाची पोर म्हनतील तिला." यंदाही पोरीला फडावर नेणार म्हणते.

मी तिच्या दारात जाऊन बोलले तर ते चार भिंतींत राहील. तिची लाज दुकानाच्या ओट्यावर काढली गेली. तिथंच काहीतरी व्हायला हवं. तू कार्ड टाक. पाकीट नको, कार्डच. आणि त्यात माझं नाव घाल.

शुभांगी


पोस्टकार्ड

पुणे,
१६ मे १९९५

सौ. पुष्पावतीताई यांना प्रज्ञाचा जय भीम.

कानिफनाथभाऊ, हे कार्ड मोठ्याने वाचा. ज्यांनी माझे पहिले कार्ड ऐकले त्यांना बोलावून घ्या.

पुष्पावतीताई, तुमच्या आरतीचे पाय चांगले आहेत. ती मैदानावर हळू आली, कारण पळणे कशासाठी मोजतो हे आम्ही तुम्हा कुणालाच नीट सांगितले नाही. शुभांगीने ते वजनासारखे असते असे सांगितले, आणि मी विचारले नाही. तुम्ही लेकराच्या ताटाचा विचार केलात, कुणीही आई करील. त्याच दिवशी मी आरतीला करडामागे पळताना डोळ्यांनी पाहिले होते. तोंड दिसले नाही म्हणून ती कोण ते मला कळले नाही, आणि नंतर कळले तरी मी चार मोठ्या लोकांसमोर खोटे बोलले. लबाडी झाली ती माझ्याकडून. तुम्हाला सगळ्यांदेखत खायला काय घालता म्हणाले, त्याची मला लाज वाटते.

शुभांगीने बोलावले तेव्हा मी आले नाही, कारण तुमच्यासमोर उभे राहायला भ्याले. शाळा उघडेल त्या दिवशी येते. तुम्ही दार उघडले नाहीत तर ओट्यावर बसेन.

प्रज्ञा


पोस्टकार्ड

खडकवाडी,
३ जून १९९५

प्रज्ञाबाईंना पुष्पावतीचा रामराम. लिहिणार कानिफनाथ पोस्टमन, बाई सांगतात तसं लिहितो.

कार्ड ऐकलं. समद्यांनी ऐकलं. कानिफभाऊंनी दोनदा वाचलं. दुसऱ्या टायमाला अंगनवाडीच्या बाई आल्या आनि ओट्याखाली उभ्या राहून म्हनल्या, व्हय, मीच चुकीचं सांगितलं. मंग बाकीच्या बाया बी बोलल्या, की आमी बी शिकवलं हुतं पोरान्ला. मी एकलीच न्हवते.

आरतीचं नाव शाळंत घातलं. ती आता कडेवर बसत न्हाई, उतरून पळती. काल वढ्यापर्यंत पळाली, मी बघितली.

तुमी येनार म्हनता तर या. दार उघडंच असतंय. भाकरी खाऊनच जायाचं. पन घड्याळ आनू नका.